पूजेला मांडलेली डिस्क

दारात कुणी पेनड्राइव्ह घेऊन आलं, की त्याचा हात आपोआप पुढे यायचा. तळवा वर, कंडक्टर सुट्ट्या पैशांसाठी धरतो तसा. "आधी इकडे," म्हणायचा. समोर चेअरमन असोत, नाहीतर चेअरमनचा जावई.

थळच्या पुढे आमच्या बंदरात मच्छीमारांची सोसायटी आहे. होड्यांचा डिझेलचा कोटा, बर्फ, सभासदांची कागदपत्रं, सगळं तीन कॉम्प्युटरांत. ते सांभाळायला तो होता. मी बर्फाच्या पावत्या करायचे, त्याही त्याने शिकवल्यावर. मला आत्या म्हणायचा.

कोपऱ्यात एक चौथा, म्हातारा कॉम्प्युटर होता. बाकीच्यांशी तो जोडलेलाच नव्हता. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी त्यात घालून तपासायचा, मगच आत घ्यायचा. आम्ही त्याला न्हाणीघर म्हणायचो. एकदा एक होडीवाला नाखवा मुलीची लग्नपत्रिका छापायला घेऊन आला.

"माजे पोरीचे पत्रिकेला रोग झालाय काय?"

"पत्रिकेला नाही, नाखवा. तिच्याबरोबर न बोलावता आलेत, त्यांना शोधतोय."

आणि निघाला की खरंच एक व्हायरस. नाखवाने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. पुढच्या वेळी पुन्हा कुरकुर केलीच.

तुम्हाला वाटेल, असा माणूस लोकांचा लाडका असणार. छे. तुमच्या ऑफिसात असा कोणी असेल तर आठवून बघा. खडूस होता. स्क्रीनला चिकटवलेला पासवर्डचा कागद दिसला, की फाडून त्या माणसाच्याच खिशात कोंबायचा. ऐन गर्दीत मशीन बंद करून अपडेट लावत बसायचा. खिडकीशी आरडाओरडा झाला की मान वर न करता म्हणायचा, "पावसाळ्यात होड्या वर ओढून भेगा बुजवता ना? तेव्हा मी येतो का ओरडायला?"

सगळ्यात जास्त जीव होता तो एका काळ्या डिस्कवर. दर शनिवारी ती कपाटातून काढायची, जोडायची, सगळ्याची नक्कल तिच्यात उतरवायची आणि लगेच वायर काढून फरसाणाच्या डब्यात घालायची. डबा कपाटात. मी म्हटलं, राहू दे की लावलेली, ही दगदग कशाला?

"आत्या, चोर घरात शिरला तर घरातलं सगळं त्याचंच. कपड्यांचा एक जोड शेजारच्या घरी असलेला बरा. काम झालं की बाहेर."

हे त्याचं पालुपद. काम झालं की बाहेर.

दसऱ्याला मात्र तो नसायचा. आईला घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचा. वर्षातली तेवढीच रजा, तीही चेअरमनच्या सहीने. त्या वर्षीही गेला. जाण्याआधी डिस्क डब्यात, डबा कपाटात, चावी चेअरमनकडे.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा. जाळी, इंजिनं, वजनकाटा आणि आता कॉम्प्युटरसुद्धा. त्या सकाळी चेअरमननी एक मेल उघडली, बर्फाच्या मशीनचं बिल म्हणून आलेली. बिल काही दिसलं नाही, तसे ते उठले आणि पूजेला लागले. माळा घालताना त्यांना डिस्क आठवली. "खरी लक्ष्मी कपाटात, आणि पूजा नुसत्या खोक्यांची?" म्हणत त्यांनी ती काढून पाटावर ठेवली. वर वायरही जोडली. निळा दिवा लागायला हवा ना.

मी म्हटलं, "भाऊ, तो ती लावून ठेवत नाही."

"एका दिवसाने काय होतंय, आत्या?"

मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही आमची रीत. कॉम्प्युटर चालू, डिस्क चालू, दाराला कुलूप.

दसऱ्यानंतर दार उघडलं तर तिन्ही स्क्रीनवर इंग्रजीत एकच मजकूर. त्या बिलाच्या मेलमधून जे शिरलं होतं, त्याने एकूण एक फाइल बंद करून टाकली होती. पैसे द्या तर उघडतो, असं ती मेल पाठवणारे म्हणत होते. डिस्क जोडलेली, म्हणून तीही गेली.

तो स्टेशनवरून थेट आला. पांढरे कपडे प्रवासात मळलेले. स्क्रीनकडे त्याने पाहिलंच नाही. झेंडू बाजूला सारले आणि वायर बोटांत धरली.

"ही कोणी लावली?"

चेअरमन माळेतली सुकलेली फुलं खुडत बसले. शेवटी मीच सांगितलं. कोणी ऐकल्यासारखं केलं नाही.

पुढे सभा झाली. डिझेलच्या परताव्याचे अर्ज अडकलेले, माणसं भडकलेली. चेअरमन म्हणाले, "जबाबदार माणूस ऐन सणाला गावात नको?"

मागून आवाज आला, "त्यांचा सण वेगला हाय ना."

हशा पिकला. पत्रिकेवाला नाखवाही हसणाऱ्यांत होता. मी उठून म्हटलं, "रजा तुम्ही दिलीत. वायरही तुम्हीच लावलीत."

"आत्या, बसा तुम्ही. तुम्हाला यातलं काय कळतं?"

त्याला विचारलं, तुझं म्हणणं काय? मला वाटलं, आता हा फाडून खिशात कोंबणार. तो म्हणाला, "त्यांना पैसे पाठवू नका. मशीन पुसून देतो. पावत्यांवरून सगळं परत भरू." एवढंच.

आणि भरलं. मी पावत्या वाचायचे, तो टाइप करायचा. आमची दिवाळी त्यातच गेली. एकदा डबा खाताना विचारलं, सभेत बोलला का नाहीस रे?

भाकरी मोडता मोडता म्हणाला, "वायरीबद्दल बोललो असतो, आत्या. सणाबद्दल काय बोलू?"

शेवटचं मशीन सुरळीत झालं, त्याच संध्याकाळी त्याच्या हातात पाकीट ठेवलं. कमिटीने एजन्सी नेमली होती. त्याने कागद वाचला, घडी घातली. "काम झालं की बाहेर," म्हणाला आणि चप्पल घातली. हसून म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

पनवेलकडे कुठे कामाला आहे म्हणतात. इथे एजन्सीचा माणूस फोनवरूनच बघतो. न्हाणीघरावर पाण्याचे जार ठेवतात. पेनड्राइव्ह थेट आत जातात, हात पुढे करणारं कोणी नाही. नवी डिस्क आणली आहे, ती बारा महिने जोडलेलीच. मी एकदा काढायला गेले तर चेअरमन म्हणाले, "राहू द्या, आत्या. दिवा दिसतोय तो बरा आहे."

यंदाच्या खंडेनवमीला त्यांनी तिला पहिलं कुंकू लावलं. निळा दिवा लुकलुकत होता. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मी माझी मूठ मिटलेलीच ठेवली.