अक्काचा पंप

अक्का गेली तेव्हा पंप चालूच होता.

श्वास थांबला, तरी तो औषध ढकलत होता. बंद कसा करायचा ते मला आणि भाऊजींना माहीत होतं. पण दोघांचाही हात पुढे होईना.

शेवटी भाऊजींनी बंद केला.

हे काल सकाळी झालं. मला अजून रडू आलेलं नाही.

मंगल अक्का, माझी सगळ्यात मोठी बहीण. अमडापूरला तिचं बांगड्यांचं दुकान. गावातल्या कित्येक पोरींच्या हातात लग्नाचा चुडा तिनेच भरला.

कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता बरं व्हायचं औषध नाही, दुखणं कमी करायचं आहे.

अक्काने एवढंच विचारलं, "मंग ते घरी देता येते का?"

म्हणून हा पंप. मोबाइलपेक्षा जरासा मोठा. त्यात मॉर्फिनची सिरिंज, तिथून निघालेली बारीक नळी आणि पोटाच्या कातडीखाली एक सुई.

अक्काने ब्लाउजपीसची पिशवी शिवली, पंप गळ्यात अडकवला आणि पुन्हा दुकानात जाऊन बसली.

गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय वं?"

"मोबाइल हाये बाई. वरून फोन येनार हाये."

नळी दुमडली की अलार्म वाजायचा. बॅटरी उतरली की वाजायचा. आम्हाला त्या अलार्मचा भरवसा बसला.

मग एका दुपारी तो वाजलाच नाही.

अक्का म्हणाली, "दुखून राह्यलं."

हिरवा लाइट लुकलुकत होता. भाऊजी म्हणाले, "चालू तं हाये."

"मशीन चालू असंन. मले दुखून राह्यलं ना."

तिने खाटेची कड धरली. बोटं पांढरी पडली.

पंप लावून देणाऱ्या चिखलीच्या नर्सबाईंना मी फोन लावला.

"लाइट नका पाहू, सिरिंज पाहा. सकाळी खूण केली होती ना, दट्ट्या तिथून पुढे सरकला का?"

सरकला नव्हता. केसभरही नाही.

अशा वेळेसाठी त्यांनी तोंडाने द्यायचं औषध घरी ठेवलं होतं. सांगितलं तेवढं दिलं. त्याचा असर होईपर्यंत मी तिचे पाय धरून बसले. अक्का ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळच्या आत नर्सबाई जीपने दुसरा पंप घेऊन आल्या. म्हणाल्या, "मोटर अडकली होती. एरवी चांगला चालतो हो."

खरं होतं ते. त्याच्याच जिवावर अक्का दुकानात बसली, जेवली, भाऊजींशी भांडली.

पण त्या दिवसापासून भाऊजींनी लाइटकडे पाहणं सोडलं. उठताबसता तिलाच विचारायचे, "मंगल, दुखते का?"

"नाही म्हनलं ना. किती इचारता?"

मला एकटीला म्हणाली, "सुमे, लगन झाल्यापासून यायनं मले कधी काई इचारलं नव्हतं. आता पाह्य."

हसत होती.

काल सकाळीही त्यांनी विचारलं. तिने नुसती मान हलवली. नाही.

थोड्या वेळाने गेली.

आज घरात पाहुणे आहेत. चहा होतोय. साखरखेर्ड्याच्या एका पेशंटला पंप हवाय, म्हणून भाऊजी तो पुसून ठेवतायत. मघाशी नर्सबाईंना फोनवर सांगत होते, "देण्याआधी मोटर पाहून घ्या बरं."

मी दुकानाचं शटर उघडून आत गेले आणि तशीच परत आले.

अक्का, तुझं दुखणं संपलं, एवढंच आज कळतंय. बाकीचं कळेल तेव्हा कळेल.

तुला शेवटचा नमस्कार.

तुझी सुमन