अंकुशची पकड

गुडघ्याला निलगिरीचं तेल चोळलं की तो वास मला थेट बीडच्या मैदानावर नेऊन टाकतो. फुटबॉलची जिल्ह्याची फायनल होती. आमची अंबाजोगाईच्या कॉलेजची टीम म्हणजे सगळी कबड्डीतून ओढून आणलेली पोरं. मी पुढं खेळायचो, गोल मारून मिरवायचो. मागं बचावाला धारूरकडच्या मेंढपाळाचा अंकुश असायचा. फायनलपर्यंत त्यानं एकही गोल होऊ दिला नव्हता, पण तिकडं कोण बघतंय!

शेवटची मिनिटं चालली होती आणि आम्ही एका गोलनं पुढं होतो. समोरचा गडी अंकुशला चकवून निघाला, तसा अंकुश झेपावला आणि कबड्डीतल्यासारखा त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरून बसला. सगळं मैदान खदाखदा हसलं. पेनल्टीवर बरोबरी झाली आणि टायब्रेकरात आम्ही हरलो. त्यात मीही चेंडू बाहेर मारला होता.

आमच्या खेळाच्या सरांनी सगळ्यांदेखत अंकुशला कान धरून उभं केलं. मी तर त्याहून पुढं गेलो. "मेंढरं धर बे जाऊन, मेंढरं! तुला तेवढंच येतंय," मी ओरडलो. पोरं पोट धरून हसली.

"आजपस्तोर एक तरी गोल होऊ दिलता का मी?" त्यानं एवढंच विचारलं. तो पुन्हा मैदानावर आला नाही.

आता मी पाटोद्याला फुटबॉल शिकवतो. पोरांना ठासून सांगतो, "गोल मारणाऱ्याला टाळ्या मिळतात, कप मात्र मागं उभा राहणारा आणतो."

हे कुणी शिकवलं, असं पोरं विचारतात. मी सरांचं नाव सांगतो.