मेल्यानंतरची बडतर्फी

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी मधल्या खोलीतल्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडते. झोपायचं मनात नसतं. उद्या कोल्हापूरला कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांपुढं आमची सुनावणी आहे, आणि त्याआधी आईला हो की नाही ते सांगायचं आहे. आई स्वयंपाकघरात ताक घुसळते आहे. रवीचा आवाज येतो, थांबतो, परत येतो. मग तो जड होत जातो, जमिनीतून वर यायला लागतो, आणि माझ्या ध्यानात येतं की ही रवी नव्हे. भट्टी घुमते आहे.

मी शिरोलीच्या फाउंड्रीत उभी आहे. पायाखाली काळी वाळू आहे आणि ती कोमट लागते. लहानपणी खंडेनवमीला कामगारांच्या पोरांना आत सोडायचे, तेव्हा पाहिलेली ही जागा. तेव्हासारखीच झेंडूची माळ भट्टीला घातलेली आहे आणि ती जळत नाही.

कठड्याला टेकून अण्णा उभे आहेत. अण्णा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम. सगळी हयात त्यांनी या भट्टीवर लोखंड वितळवण्यात घालवली. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. स्वप्नातही मला ते पक्कं ठाऊक आहे, आणि ते समोर दिसतात याचं नवल वाटत नाही. त्यांना बघून मला रडू यायला हवं होतं. येतो तो संताप.

"जेवलीस का?" ते विचारतात.

 जिवंत होते तेव्हाही काहीही घडलं की ते हेच विचारायचे. हाताला चटका बसला, पगार थकला, तरी घरात पाऊल टाकताना हेच.

मी म्हणते, "अण्णा, कणबरकर आले होते घरी."

ते नुसतं हूं करतात. कणबरकर म्हणजे कंपनीचे मॅनेजर. परवा ते केळ्यांचा घड घेऊन आमच्याकडं आले. आईच्या पाया पडले. मालकांचं मन मोठं आहे, म्हणाले. झालं गेलं विसरून माणुसकी म्हणून काही रक्कम द्यायची त्यांची तयारी आहे, त्यातून करही कापला जाणार नाही. आम्ही फक्त केस मागं घ्यायची आणि एक गोष्ट लिहून द्यायची: भूपाल मगदूम यांना कामातल्या हयगयीबद्दल मृत्यूच्या आधीच कामावरून काढलेलं होतं. हे ते इतक्या मऊ आवाजात बोलले, की आईनं त्यांच्यापुढं चहाबरोबर चिवडाही ठेवला.

मी अण्णांना हे सांगते आहे आणि आम्ही कँटीनमध्ये बसलो आहोत. कँटीनचे बाक माझ्या शाळेतले आहेत, मी भूगोल शिकवते त्या वर्गातले. फळ्यावर जगाचा नकाशा टांगलेला आहे. अण्णांच्या अंगावर कंपनीचा निळा गणवेश आहे, खिशावर त्यांचं नाव शिवलेलं. याच कपड्यांत ते गेले. सोमवारी पहिल्या पाळीला आले, भट्टीवर काम केलं, चहाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसले आणि बाकावरून खाली कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याच्या महिनाभर आधी भट्टी फुटली होती. आतलं अस्तर झिजून लोखंडाचा रस बाहेर आला आणि भट्टी निकामी झाली. माणसं वाचली, ते नशीब. अस्तर पातळ झालंय, भट्टी थंड करून नवं भरायला हवं, असं अण्णा घरी जेवताना कितीदा म्हणत होते. पण मोठी ऑर्डर हातात होती, भट्टी काही थंड झाली नाही. फुटल्यावर चौकशी लागली ती मात्र अण्णांच्या नावावर.

ते वारल्यावर आम्ही ग्रॅच्युइटी मागितली, तेव्हा कंपनीनं कळवलं की मगदूमना शनिवारीच बडतर्फ केलं होतं. सोमवारी ते म्हणे आपलं सामान न्यायला आले होते. भट्टीचं नुकसान त्यांच्या ग्रॅच्युइटीहून मोठं, तेव्हा देणं काही निघत नाही. प्रॉव्हिडंट फंडाबरोबरचा विमा नोकरीत असताना मेलेल्या माणसासाठी असतो, आणि हे तर नोकरीत नव्हते. म्हणून तोही नाही.

मी आमच्या वकीलबाईंकडं गेले, हुपरीकर मॅडमकडं. त्यांनी मला शाळेतल्या पोरीला सांगावं तसं समजावलं. ग्रॅच्युइटी म्हणजे मालकानं खूश होऊन दिलेलं बक्षीस नव्हे, राबलेल्या वर्षांचा तो हक्क आहे. हयगयीनं झालेलं नुकसान त्यातून कापता येतं, पण त्यासाठी आधी त्या माणसाला त्याच कारणासाठी कामावरून काढावं लागतं. कामावर असताना जो मेला, त्याची पैही कापता येत नाही.

"म्हणून त्यांनी काढलं," मॅडम म्हणाल्या. "मेल्यावर."



"तुम्हाला शनिवारी काही दिलं होतं का?" मी अण्णांना विचारते. वर्षभर मला हेच विचारायचं होतं. "कुणी बोलावलं, सांगितलं, उद्यापासून येऊ नका म्हणालं?"

"कुणी काय म्हणालं न्हाई."

"नक्की?"

"शनवारी जाताना कणबरकर सायेब गेटात भेटले. म्हणाले, सोमवारी लवकर या मगदूम, नवी भट्टी तापवायची हाय."

मी ताडकन उठते. म्हणते, चला, हेच उद्या सांगा. अण्णा हसतात. त्यांच्या मिशीवर चहाचा थेंब आहे.

"माझी साक्ष चालत न्हाई गं आता."

आणि आम्ही सुनावणीच्या खोलीत आहोत. वर पंखा फिरतो आहे, त्याला वारा नाही. टेबलामागं अधिकारी, एका बाजूला कणबरकर आणि कंपनीचा वकील. मधे अण्णा उभे आहेत, निळ्या गणवेशात, हातातोंडावर काजळी. अधिकारी विचारतात, मयत इसम त्या दिवशी कामावर होता काय? कंपनीचा वकील अण्णांच्या खांद्यावरून हात लांबवून पाण्याचा ग्लास उचलतो आणि म्हणतो, नव्हता साहेब. मी ओरडते, हे बघा, हे उभे आहेत, यांचे हात बघा. माझा आवाज मला ऐकू येतो, पण टेबलापलीकडं जात नाही. तिथं तो पोचेपर्यंत नुसता पंख्याचा आवाज होतो.

मी अण्णांकडं वळते. "तुम्ही तरी बोला."

ते खाली बघतात. हळू आवाजात मला समजावायला लागतात. घेऊन टाक म्हणतात. आईचे गुडघे दुखतात, तिला किती फिरवशील? मोठ्या माणसांशी भांडून कुणाचं भलं झालंय? मेलेल्या माणसाला कामावरून काढलं काय आणि ठेवलं काय. आईही परवापासून हेच म्हणते आहे, अगदी याच शब्दांत, आणि मला कळत नाही की हे त्यांचं बोलणं आहे की तिचं.

मग मी बोलते. त्यांच्या जिवंतपणी कधी बोलले नसते असं बोलते. म्हणते, तुमच्या याच स्वभावानं आमचा घात केला. अस्तर पातळ झालंय हे तुम्ही आम्हाला जेवताना सांगत होता, मालकापुढं मूग गिळून उभे राहत होता. बोनस बुडाला, तुम्ही गप्प. चौकशी लावली, तुम्ही गप्प. ज्यांनी तुम्हाला गुन्हेगार ठरवलं त्यांची भट्टी तापवायला तुम्ही लवकर उठून गेलात, छातीत दुखत होतं तरी गेलात. आईनं नको म्हटलं होतं. तुम्हाला राग कसा येत नाही, अण्णा? तुमचं रक्त आहे की ताक?

खोलीत कुणी नाही. अधिकारी, वकील, कणबरकर, कुणीच नाही. पंखा तेवढा फिरतोय. अण्णांनी माझ्याकडं पाठ केली आहे. मला वाटतं, ते गेले. मला वाटतं, मी बापाला दुसऱ्यांदा मारलं.

"मी गप्प न्हवतो."

हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. ते वळतात तेव्हा त्यांचा चेहरा तापलेल्या लोखंडासारखा दिसतो.

"सायबाला सांगितलं. मालकाला त्याच्या केबिनात जाऊन सांगितलं. मला म्हणाला, भट्टी माझी हाय, मगदूम. हे तुमच्या कानावर घालून काय केलं असतं? तुम्ही घाबरला असता." ते दम घेतात. "पैसे गेले तर जाऊ देत. पर हयगय? मी? त्या भट्टीपाशी उभा राहून मी कधी इकडंतिकडं बघितलं न्हाई. तूच सांग, मी हयगय केली व्हय?"

"नाही," मी म्हणते.

"मग लिहून देऊ नगंस."

ते माझं मनगट धरतात. आम्ही भट्टीच्या आत आहोत, थंड, रिकाम्या भट्टीत, विहिरीत उतरावं तसे. वर गोल आभाळ दिसतं. चारी बाजूंनी अस्तर आहे, पांढुरकं, ठिसूळ. हात लावून बघ, ते म्हणतात. मी बोट लावते आणि ते पापडासारखं सुटतं. मी नखांनी उकरायला लागते. म्हणते, हे असं होतं का? इतकं पातळ? ते माझ्या बाजूला उभे राहून उकरतात. आमच्या दोघांच्याही तोंडून एकच वाक्य निघतं आहे, एकदा ते म्हणतात, एकदा मी, आणि पुढं कोण म्हणतंय ते समजत नाही. कामावर होते. भूपाल मगदूम कामावर होते. उकरता उकरता पलीकडून उजेड दिसायला लागतो, ऊन, आणि उन्हात कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारतं आहे.

"त्रिशला. अगं त्रिशला, जागी हो."

आई कॉटशेजारी उभी आहे. तिच्या हाताला ताक लागलेलं आहे, ते ती पुसायची विसरली आहे. खिडकीतून उतरतीचं ऊन आत आलंय. माझा घसा सोलल्यासारखा दुखतो. मी काय बोलत होते, असं मी तिला विचारते. ती कॉटच्या कडेवर, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून बसते.

"ते कामावर होते म्हणत होतीस. केव्हाची एकसारखी म्हणत होतीस. मला आधी वाटलं, बाहेर कुणी आलंय." ती हाताचं ताक पदराला पुसते. "आवाज तुझा न्हवता गं."

मग ती माझा उजवा हात उचलून उजेडात धरते. तर्जनीचं नख मधोमध तुटलंय, बाकीच्या नखांत चुना भरलाय, आणि एका बोटातून रक्त येऊन मनगटापर्यंत वाळलंय. उशीवर भिंतीचा चुरा पडलाय. उशाकडच्या भिंतीचा गिलावा तळहाताएवढा उकरून निघालाय, आतली वीट उघडी पडली आहे.

आई त्या विटेवर बोट फिरवते.  पदराचं टोक थुंकीनं ओलं करून माझ्या मनगटावरचं रक्त पुसते, मी लहान असताना पुसायची तसं, जरा जास्तच जोर लावून.

"उद्या मीबी येणार," ती म्हणते. "त्या कणबरकराच्या तोंडावर मला इचारायचं हाय, शनवारी काढलं तर सोमवारी भट्टीवर कोण होतं?"