तळाशी उरलेलं सेंट

१४ मे १९६३, लोद, इस्राएल. सकाळपासून हमसीनचा गरम वारा सुटला आहे. बसने तेल अविवला कामावर गेले आणि दुपारीच परत आले.

मैत्रिणींनो, हे गेल्यापासून आज पहिल्यांदा सेंट लावलं. ह्यांचंच, मुंबईहून येताना आणलेलं. हलकं आहे. आधी संत्र्याच्या सालीसारखा वास येतो, मागाहून थोडा चंदनाच्या लाकडाचा. उन्हाळ्यात ते हेच लावायचे.

बसमध्ये मी सारखं मनगट नाकाशी नेत होते. शेजारच्या बाईने हिब्रूत विचारलं, "बरं वाटत नाही का?" ऑफिसात पोहोचेपर्यंत उकाड्याने वास उडून गेला. मग कशातच लक्ष लागेना. टाइप करताना चुकाच होत होत्या. शेवटी अर्धी रजा घेतली.

घरी सासूबाई बाटली हातात घेऊन बसल्या होत्या. "वर्षसुद्धा झालं नाही, आणि सेंट लावून फिरतेस?"

"ह्यांचंच आहे, आई."

"माझ्या मुलाचं आहे ते मला कळत नाही होय?" त्यांनी बाटली उजेडात धरली. तळाशी बोटभरच उरलं आहे. मग म्हणाल्या, "एकटीनेच लावलंस. उद्या मलाही लाव."

मी हो म्हटलं. तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. दोघींनी लावलं तर उन्हाळा सरायच्या आत संपेल. बंद ठेवलं तर ते कोणासाठी? तुम्ही काय केलं असतं?

सासूबाई शेजारी गेल्या आहेत. माझ्या मनगटाला आता काहीच वास नाही. तरी आत्ता भांडी घासली, ती मनगट भिजू न देता.