जीपच्या ब्रेकमधली हवा

लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा आमच्या आबांनी एक जीप घेतली. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कृष्णेकाठी आमचं गाव. माझा दादा म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा. तो फौजेत ड्रायव्हर होता; सुटून घरी आला आणि त्याच्या मागोमाग ही गाडी आली. शेतावर जायला, लग्नाकार्याला, बाजाराला, सगळ्याला तीच. पहिल्या दिवशी तिच्यात बसून आईला उलटी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या सीटवर हक्कानं बसायला लागली.

गाडीचं काही बिघडलं तर दादा अंगणातच दुरुस्त करायचा. एक ब्रेकचं काम तेवढं एकट्यानं होत नसे. चाकातली रबरं बदलली की ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा शिरते, आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं गाडीत बसून ब्रेकचं पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली आडवं पडून चाकामागचा स्क्रू सैल करायचा, हवा जाऊ द्यायची, स्क्रू परत आवळायचा. दादाच्या जोडीला पायडलवर वैनी बसायची.

आताच्या पोरींना हे सांगून पटायचं नाही, पण आमच्या घरात नवराबायकोनं दिवसाउजेडी, थोरल्यांच्या देखत एकमेकांशी बोलायची रीत नव्हती. दादाला पाणी हवं असलं तर तो भिंतीकडे बघून ‘पाणी पायजे’ म्हणायचा. ब्रेकचं काम निघालं की मात्र सगळ्यांसमोर खणखणीत हाक द्यायचा, “दाब!”

“दाबलं.”

“सोड.”

“सोडलं.”

मधेच गाडीखालून हळू आवाज यायचा, “जेवलीस का?” आणि वैनी त्याच कामाच्या सुरात म्हणायची, “न्हाई अजून.”

आई सोप्यात शेंगा फोडत बसलेली असायची. एकदा ती मला म्हणाली, “ह्या गाडीत लय हवा शिरती, न्हाई गं?” आम्ही मायलेकी पदर तोंडाला लावून हसलो होतो.

स्वातंत्र्य मिळालं त्या हिवाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तर घराची कळा गेलेली. वैनीला मूल होत नाही, तेव्हा काडीमोड करून दादाचं दुसरं लग्न लावायचं, असं आबांनी ठरवलं होतं. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत दादा लढाईवर गेला होता. लग्नाची वर्षं सगळ्यांनी मोजली, त्यातून लढाईची वर्षं कुणीच वजा केली नाहीत. आधीची गोष्ट असती तर घरात सवत आली असती, पण वैनी थोरली म्हणून राहिली तरी असती. नुकताच कायदा झाला होता, एक बायको असताना दुसरी करता येत नव्हती. बायकांच्या भल्याचा कायदा नेमका आमच्या वैनीच्या मुळावर आला.

तिचं माहेर कवठे महांकाळच्या पलीकडे, कोरडवाहू मुलखात. रेल्वेनं जाता आलं असतं. पण आबा म्हणाले, “आपल्या घरची सून हाय. आपल्याच गाडीतनं मानानं पोचवायची.” घालवायची ती घालवायची, वर मानानं! त्या शब्दाचा मला अजून राग येतो.

गाडीचे ब्रेक मात्र लागत नव्हते. ब्रेकच्या आतले पट्टे, म्हणजे लायनर, झिजून खालचं लोखंड उघडं पडलं होतं. नदीच्या उतारावर गाडी थांबेना, म्हणून दादानं ती सरळ उसात घातली होती. नवे लायनर बसवल्याशिवाय लांबचा रस्ता नको, असं तो म्हणाला. मग लायनर आणायला सांगलीला गेला आणि हात हलवत परत आला. मिळत नाहीत म्हणाला. थोड्या दिवसांनी पुन्हा गेला, पुन्हा तेच. मी मनातल्या मनात देवाला म्हणायची, नकोच मिळू देत. तेवढे दिवस वैनी आमची होती. मला आंबटगोड करून घालायची, माझे सुजलेले पाय चेपायची आणि माझ्या पोटाकडे बघायचं टाळायची. मला माझ्याच पोटाची लाज वाटायची.

शेवटी आबा स्वतः सांगलीला गेले आणि लायनर घेऊनच आले. पुडकं दादापुढे ठेवून म्हणाले, “पहिल्याच दुकानात गावलं.”

दादा म्हणजे बॉम्ब पडत असताना गाडी हाकलेला माणूस, पण बापापुढे त्याची दातखीळ बसायची. आबा उठून गेल्यावर मी म्हटलं, “दादा, बोल की काहीतरी.”

“काय बोलू?” एवढंच म्हणाला. मला त्याची इतकी चीड आली, आणि कीवही आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी ओंडक्यांवर चढवून चाकं काढली. जुने लायनर छिन्नीनं तोडले, नवे तांब्याच्या रिबिटांनी ठोकून बसवले. आतली रबरंही बदलली. उन्हं वर आली तशी हवा काढायची वेळ झाली. गडी सगळे गुऱ्हाळावर गेलेले. मी उठायला लागले तर आई ओरडली, “पोटुशी बाई तू, गप बस!” दादा पाना हातात धरून नुसता उभा. वैनी चुलीपुढनं उठली, हात पुसले आणि नेहमीसारखी जाऊन पायडलवर बसली. तिचं गाठोडं सोप्यात बांधून ठेवलेलं होतं.

“दाब.”

“दाबलं.”

“सोड.”

“सोडलं.”

मागची दोन्ही चाकं झाली, पुढचं उजवं झालं. डावं राहिलं. लष्करी गाडी, तिचं स्टेअरिंग डावीकडे, त्यामुळे शेवटच्या चाकाशी दादा आडवा झाला तो जवळजवळ वैनीच्या पायांशीच. हवा असेपर्यंत तेल बुडबुडत येतं, संपली की सरळ धार लागते. पायरीवरून मला ती धार दिसली. दादानं स्क्रू आवळला, पाना जमिनीवर ठेवला. आणि म्हणाला, “दाब.”

“दाबलं.”

“सोड.”

“सोडलं.”

“दाब.”

पाना तसाच पडलेला. या खेपेला ‘जेवलीस का’ नव्हतं, मधे काहीच नव्हतं. हवा निघाली की पायडल पायाला दगडासारखं लागतं, ते वैनीला माझ्याआधी कळलं असणार. तरी ती दाबत होती, सोडत होती. आईचा शेंगा फोडायचा हात थांबला. मी पदर तोंडाला लावला.

आबा सोप्यातनं म्हणाले, “आरं, झालं का न्हाई?”

दादानं मान वर केली नाही. म्हणाला, “दाब.”

वैनीनं पाय उचलून घेतला. सासऱ्याशी ती आजवर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. पदर सारखा केला आणि म्हणाली, “झालं, मामंजी. ब्रेक पक्का लागतोय आता.”

मग उतरली, गाठोडं उचललं, गाडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि मागच्या सीटवर चढून बसली. गाडी अजून ओंडक्यांवरच होती, चाकं चढवायची होती. ती तशीच समोर बघत बसून राहिली. शेवटी दादाला उठावं लागलं.