मामाचा माणसाळलेला मासा

माझ्या धाकट्या भावाचं चष्म्यांचं दुकान आहे. लोकांना दिसत नाही ते दाखवायचं, हा त्याचा धंदा. स्वतःला दिसत नाही असंही जगात काही आहे, हे मात्र त्याला अजून पटलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो दोन माणसांची होडी घेऊन तलावावर गळ टाकायला जातो. आजवर मासे आणले ते बोटभर आणि गप्पा आणल्या त्या हातभर. तोवर माझी काही तक्रार नव्हती.

मग त्याने फिश फाइंडर घेतला. चेंडूएवढा काळा गोळा. दोरी बांधून पाण्यात सोडला की तळ किती खोल आणि मधे मासे कुठे, याचं चित्र फोनवर उमटतं. दुकानात डोळे तपासायला आलेल्या माणसालाही हा आधी गोळा दाखवायचा, मग अक्षरं.

"ताई, आता मासे लपूच शकत नाहीत."

"लपत होते होय? मला वाटलं, तुला बघून हसत होते."

त्याच्या जुनाट फोनवर ते चित्र येईना, म्हणून त्याने भाचीला बरोबर न्यायचं ठरवलं. खरं तर भाचीच्या फोनला. माझी मुलगी आपली फोनबरोबर गेली.

"लाइफ जॅकेट घालशील ना गं?"

"आई, मामा आहे ना बरोबर."

"म्हणूनच विचारतेय."

दुपारी वारा सुटला. तारेवरचे कपडे काढता काढता मी तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. भावाला लावला तर वहिनीने उचलला. साहेबांचा फोन घरीच चार्जिंगला. मी स्कूटर काढली ती थेट तलावाच्या काठावर.

होडी मधोमध होती. पाणी उसळत होतं, आणि माझा शहाणा भाऊ त्या हलत्या होडीत चक्क उभा राहून, गळाची वाकलेली काठी दोन्ही हातांनी ओढत होता. "लागला! लागला!" वाऱ्यावरून ऐकू येत होतं. मी घसा फुटेस्तोवर ओरडले, "बस खाली, गाढवा!" तेवढ्यात होडी कलंडली आणि मुलगी दिसेनाशी झाली.

होडीच्या कडेवर तिचे दोन हात दिसेपर्यंत मी चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरले होते. भाऊ पालथा पडून तिचं मनगट धरून होता. तेवढं मात्र त्याने केलं. शेवटी कशीबशी ती आत चढली.

काठावर आल्यावर कळलं ते असं. कुणाचा फोन आला की चित्र तुटतं, म्हणून मामाने तिचा फोन फ्लाइट मोडवर टाकला होता. कुणाचा म्हणजे माझाच. लाइफ जॅकेट होतं, पण ते बसायला मऊ म्हणून बुडाखाली. आणि सकाळपासून चित्रात एकच दांडगा मासा होता. होडी थांबली की थांबायचा, वल्ही मारली की मागोमाग यायचा.

"इतका माणसाळलेला मासा मी जन्मात पाहिला नव्हता, ताई," भाऊ अजूनही कौतुकाने म्हणाला.

मुलगी थरथरत होती, तरी हसली. "मामा, तो आपला नांगर होता. तू अर्धाच वर ओढला होतास. गळ त्याच्याच दोराला अडकला."

त्यानंतर त्याने खाली पाहिलं ते घरी पोचेपर्यंत.

पण जित्याची खोड. चार दिवसांत दुकानात पुन्हा गोळ्याची स्तुती सुरू झाली. "नांगराचं सोड गं. खोली तर अचूक सांगतो ना?"

सांगतो. ते मी नाकारत नाही. छोट्या होडीवाल्यांनी हा गोळा घ्यावा का, असं आता त्याचे मित्र मला विचारतात, जणू मी त्यातली जाणकार. मी म्हणते, नांगर पूर्ण वर घेता येत असेल, उभं न राहता मासा ओढता येत असेल आणि जॅकेट अंगात घालायचं असतं हे ठाऊक असेल, तर खुशाल घ्या. पण इतकी अक्कल असलेल्याला तो लागतो कशाला?

तलावावरून परतलो त्या संध्याकाळी मुलीने होडीत भिजलेला फोन पुसून सुरू केला होता. शेवटचं चित्र तसंच होतं. मासा म्हणजे नांगर, बाकी ठिपके म्हणजे शेवाळ. त्यात खरा आकडा एकच होता, ती जिथे पडली तिथल्या पाण्याच्या खोलीचा. नऊ मीटर.

तो मला माहीत नसता तर बरं झालं असतं.