साइडपट्टीवरच्या बाभळी

आमच्या रस्त्यांच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत. ते साइडपट्टीवर पडलेलेच असतात आणि वर्षानुवर्षं त्यांना उचलायला कोणी येत नाही. मी कनिष्ठ अभियंता, म्हणजे तक्रार आली की सगळ्यात आधी ज्याला हाक मारतात तो. म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

पावसाळ्याआधी वीजवाले येतात, तारांना लागणाऱ्या फांद्या तोडतात आणि निघून जातात. नियम सोपा आहे. ज्यानं तोडलं त्यानं उचलायचं, रस्त्याच्या कडेला आणि तारांखाली काही ठेवायचं नाही. मी त्यांच्या साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "तोडल्या आम्हीच. पण पडल्या तुमच्या हद्दीत ना!"

मी फोन ठेवला आणि चहा मागवला.

*

एकदा टेंभुर्णीच्या रस्त्यावर चांगली जाड लाकडं पडली होती. पंचनामा होईपर्यंत राखणीला आमचे मुकादम रंगनाथराव बसवले. ते चहाला म्हणून गेले. परत येऊन बघतात तर जाड लाकूड एकही नाही, काटेरी फांद्या मात्र जिथल्या तिथं.

समोरच्या टपरीवर एक म्हातारबाबा बसले होते. रंगनाथरावांनी त्यांना विचारलं, "बाबा, लाकडं कोणी नेली?"

"पाखरायनं नेली असतील," बाबा म्हणाले. "घरटी बांधून राह्यलेत सध्या."

*

हसनाबादकडच्या एका शेतकऱ्यानं मात्र काटेरी फांद्याच नेल्या, शेताला कुंपण करायला. मला इतका आनंद झाला की त्याचा सत्कार करावासा वाटला. पण आमच्या उपअभियंता साहेबांनी त्याला नोटीस काढली. का? तर सरकारी माल विनापरवानगी हलवला!

बिचाऱ्यानं सगळ्या फांद्या आणून होत्या तिथं टाकल्या. मी हातापाया पडलो, "घेऊन जा हो, मी बघतो साहेबांचं."

"बिलकुल न्हाई," तो म्हणाला. "नोटिशीच्या मालाला आपण हात लावत न्हाई."

*

शेवटी रंगनाथरावांचं डोकं फिरलं. त्यांनी एक ढीग जागेवरच पेटवून दिला. वर विजेच्या तारा आहेत हे त्यांच्या ध्यानातच नाही. खांबावरची केबल वितळली आणि सगळं गाव अंधारात. त्या दिवशी वीजवाले तासाभरात हजर!

मी रंगनाथरावांना झापायला घेतलं. ते म्हणाले, "साहेब, मी दोन महिने फोन करून राह्यलो, कोणी आलं न्हाई. आता बघा कसे जल्दी आले."

*

आणि या कौसाबाई. यांची वस्ती मुख्य रस्त्यापासून आत. वस्तीच्या वळणावरच बाभळीचा ढीग. माणूस कसाबसा कडेनं जायचा, गाडी काही वळायची नाही. सुनेला नववा महिना लागलेला. एकदा पोटात दुखायला लागलं म्हणून दवाखान्याची गाडी बोलावली, तर ती वळणावरून परत गेली. त्या वेळी नुसतंच दुखणं निघालं म्हणून निभावलं.

कौसाबाई ऑफिसात आल्या. साहेब म्हणाले, "वीजवाल्यांना पत्र दिलंय. तुम्ही हात लावू नका, सरकारी माल आहे."

"मंग सरकार येईल का बाळंतपणाला?" त्यांनी विचारलं. साहेबांनी फाईल उघडली.

मला त्या सुनेची फार काळजी लागली होती. आणि थकवा असा, की राग यायचासुद्धा कंटाळा. मी वीजवाल्यांना फोन लावत राहिलो, ते हद्द सांगत राहिले.

सोमवारी साहेबांना मीटिंगला जालन्याला जायचं होतं. ते गाडीत बसायला आणि ट्रॅक्टर गेटमध्ये शिरायला एकच गाठ पडली. चालवायला कौसाबाईंचा मुलगा, शेजारी मडगार्डवर कौसाबाई, मागे ट्रॉलीभर बाभळी. आम्ही "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यानं ट्रॉली उपडी केली. गेट गच्च भरलं.

"हे काय?" साहेब ओरडले.

"सरकारी माल," कौसाबाई खाली उतरत म्हणाल्या. "वळणावर पडल्ता. सरकारच्या दारात आणून टाकला. बराबर मोजून घ्या, एक काडी ठेवली न्हाई."

साहेबांनी घड्याळ बघितलं. आवाज एकदम खाली आला. "अहो मावशी, मीटिंग आहे माझी. आता या काट्यांतून माझी गाडी निघायची कशी?"

कौसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"निघंल की सावकाश. तुमाला कुठं बाळंत व्हायचंय?"